तळपायाखालचं वाळवण

खिळा चपलेच्या रबरातून वर घुसतो तेव्हा लगेच दुखत नाही. क्षणभर इतकंच वाटतं की चप्पल चिखलाला चिकटली. तुम्ही पाय उचलता आणि पायासोबत हातभर लांबीची सेंट्रिंगची फळीही वर येते. मग कळ येते.

तुम्ही उलव्यात आहात. पावसाळा सरत आलाय. अर्धवट टॉवरच्या पत्र्याच्या कुंपणाबाहेरून शॉर्टकट मारायला गेलात, त्याची ही बक्षिसी. डोक्यावरून एक विमान चाकं सोडत उतरतंय. ते जिकडे चाललंय तिथे काही वर्षांपूर्वी ९२ मीटर उंचीची टेकडी होती. तुम्ही दात आवळून फळी ओढून काढता. रक्त येतं जेमतेम थेंबभर. भोक एवढं बारीक की अंगठ्याने दाबलं तर मिटून जातं. तुम्हाला हायसं वाटतं, पण वाटू नये. भळभळा वाहणारी जखम स्वतःला थोडीफार धुऊन तरी घेते. ही मिटलेली जखम म्हणजे दार लावून घेतलेली खोली आहे. आत माती, चिरडलेलं मांस, आणि हवेला मज्जाव.

दवाखान्यात सिस्टर पाय स्टुलावर घ्यायला सांगते. साबणाच्या पाण्याने खसाखसा धुते, भोकात पेरॉक्साइड सोडते. पांढरा फेस उसळतो.

"खूप गंजलेला होता हो खिळा," तुम्ही काळजीने सांगता.

"गंजाचं जाऊ द्या. माती कसली होती? गुरं फिरतात का तिथे?"

"फिरतात की. म्हशी असतात."

"शेवटचं टीटी कधी घेतलं होतं?"

आठवत नाही. शाळेत रांगेत उभं केलं होतं, पुढचा मुलगा सुई बघून बेशुद्ध पडला होता, एवढंच आठवतं. "दहावीत असेन बहुतेक."

सिस्टर तुमच्या वयाकडे बघते आणि काही बोलत नाही. "बसा तिकडे बाकावर. तुमच्या आधी चार जण आहेत."

तुम्ही बसता. समोर खिडकी आहे आणि खिडकीत, दोन इमारतींच्या फटीतून, अटल सेतूचा एक तुकडा दिसतोय. पाय ठणकतोय. तुम्ही त्या तुकड्याकडे बघत राहता, आणि शिवडीच्या बाजूने पुलाचे खांब एकेक करून पाण्यात विरघळायला लागतात.

२०२४ चा जानेवारी मागे पडतो, पूल नाही. धावपट्टी मिटते, टेकडी उभी राहते, उलवे नदी आपल्या जुन्या वळणाने वाहू लागते. कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे ही गावं आपापल्या जागी परत येऊन बसतात. टॉवर जमिनीत जातात. १९८४ चा जानेवारी येतो आणि जासईच्या बाजूने गोळीबार ऐकू येतो. जमिनीच्या भावासाठी उभ्या राहिलेल्यांपैकी पाच जण पडतात. १९७० चा मार्चही उलटतो, म्हणजे आता सिडको नावाची गोष्टच नाही आणि 'नवी मुंबई' हे शब्द कागदावरचे आहेत. तुम्ही थांबता ते १९६९ च्या मे महिन्यात. पायात चप्पल नाही. जखम मात्र बरोबर आली आहे.

समोर शेतात राब भाजणं चालू आहे. कोकणातल्या भातशेतीत हे काम पावसाच्या आधी उरकावं लागतं. ज्या तुकड्यात रोपं करायची तिथे आधी शेणाचा थर, त्यावर झाडांचा तोडलेला कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीची पाखर, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. वाऱ्याच्या उलट दिशेने काडी लावतात. तुम्ही जवळ जाता तर बांधावरचा म्हातारा ओरडतो, "कुठं पाय घालता? भाजंल!"

भाजतंच. वरची राख जिवंत आहे. पण राबाच्या कडेला, जिथे आग विझून गेलीय, तिथे तुम्ही काठीने उकरता आणि चार बोटं खाली हात घालता. माती कोमट आहे. सकाळच्या चुलीशेजारच्या भिंतीइतकीच. आग वर जाते. खाली, त्या कोमट मातीत, जो पडून आहे त्याला वरच्या जाळाची खबरही नसावी. आणि समजा थोडी धग खाली उतरली असती, तरी त्याची तयारी होती.

त्याचं शास्त्रीय नाव क्लॉस्ट्रिडियम टेटनाय. धनुर्वाताचा जंतू. आता तुम्हाला तो दिसतो असं धरून चालू, कारण एवढा मागे आलात तर एवढं लहान व्हायला काय हरकत आहे. हा जंतू जागा असतो तेव्हा अगदी नाजूक प्रकृतीचा असतो. आपल्याला जगवणारी हवा त्याला मारते. गुराच्या, घोड्याच्या आतड्यात किंवा शेणखताच्या ढिगाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथेच त्याची चैन. शेण बाहेर पडतं, उन्हात पसरतं, हवा लागते, खाणं संपतं. अशा वेळी तो पळत नाही, लढतही नाही. त्याच्या घरात वाळवणं सुरू होतं.

हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. मे महिन्यात आपल्या अंगणात जे चालतं, सांडगे, कुरडया, मिरच्या, सुके बोंबील, त्याच्यामागे हिशेब एकच असतो. ज्यात पाणी आहे ते नासतं, ज्यातलं पाणी गेलं ते चार महिने टिकतं. जंतूलाही हाच हिशेब कळलाय, आपल्याआधी कित्येक कोटी वर्षं. तो आधी आपल्या जनुकांची एक नक्कल काढतो. मग स्वतःच्या आत, अगदी टोकाला, एक आडवी भिंत घालतो आणि एका पेशीच्या दोन करतो, एक मोठी आणि एक छोटी. मोठी पेशी छोटीला गिळते, पण पचवत नाही. तिच्याभोवती एक जाड साय धरते, सायीवर प्रथिनांचं कवच चढवते, थरावर थर. आतलं पाणी पिळून काढलं जातं. पाण्याच्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल नावाचं एक संयुग गच्च भरलं जातं. जनुकांच्या धाग्यालाही छोटी छोटी प्रथिनं लपेटून बसतात, काचेच्या बांगड्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात तशी. या अवस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली त्याला बघितलं तर थेट आगपेटीची काडी, एका टोकाला गुल. हे सगळं काही तासांत आटोपतं. शेवटी मोठी पेशी फुटून मरते आणि उरतो तो गुल, बीजाणू.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण नावामुळे फसगत होते. बीजाणू म्हणजे बी नव्हे. एका बीमागे शंभर दाणे नाहीत. एका जंतूतून एकच बीजाणू निघतो आणि एका बीजाणूतून एकच जंतू. त्याने संख्या वाढत नाही. त्याने फक्त काळ ओलांडता येतो. खातपीत नाही, श्वास नाही, हालचाल नाही, वर्षानुवर्षं. तुम्ही पुलाचे खांब विरघळवून इथे आलात. तो मात्र सरळ वाटेने, काही न करता, तुमच्या २०२० च्या दशकाकडे निघालाय.

तुमच्या डोळ्यांदेखत वर्ष पुढे सरकतं. पाऊस येतो, राबाची राख भिजते, रोपं उपटून लावणी होते. ऑगस्टच्या उधाणात खाडीकडच्या बांधाला खांड पडते आणि खारं पाणी शेतात घुसतं. गाव रात्रभर चिखलाच्या पाट्या टाकत उभं. भात कुजतं, गांडुळं मरतात, मातीवर मिठाची पांढरी कड धरते. आग, ऊन, पूर, मीठ, सगळं एकाच वर्षात त्याच मातीवरून गेलं. बीजाणू जिथल्या तिथे.

एका संध्याकाळी गावात एका घरात बाळंतपण आहे. तुम्ही दारात थांबता. आत सुईण आहे, वयस्कर, हातखंडा असलेली. तिने निम्म्या गावाच्या नाळा कापल्यात. तिने विळा धुऊन घेतलाय, आणि गरम पाण्यातून काढलाय, हे मुद्दाम सांगायला हवं. नंतर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तिला फार लवकर अडाणी ठरवून टाकलं. नाळ कापते, दोऱ्याने बांधते, आणि खपली लवकर धरावी म्हणून वर गोवरीची राख दाबते. शेण शुद्ध, राख त्याहून शुद्ध. हे तिला तिच्या आईने शिकवलं.

पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पूजा होते. कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाणार. सातव्या दिवशी सकाळी बाळ दूध ओढेनासं होतं. आई म्हणते, कालपर्यंत तर छान पीत होतं. भूक आहे, तोंड छातीकडे वळवतं, पण जबडा उघडत नाही. दुपारी कुणाच्या हातातली कळशी आपटते आणि त्या आवाजासरशी बाळाचं अंग कडक होतं, मुठी वळतात, पाठ मागे कमान होते. मग सैल पडतं. मग दार वाजतं, आणि पुन्हा कमान. रडायलाही तोंड उघडत नाही. म्हातारी बाई दिवा लावायचा सोडून बाहेर येऊन बसते. "सटवीनं एवढंच लिवलं व्हतं," ती म्हणते.

तुमच्या जिभेवर उत्तर आहे आणि तुम्ही ते देत नाही. कुणाला देणार? सुश्रुताने या रोगाला धनुस्तंभ म्हटलं, कारण त्याला कमान दिसली. सटवीला मानणाऱ्यांना तारीख दिसली. जन्मानंतरचा पहिला आठवडा, पुन्हा पुन्हा तोच. दोघांचंही निरीक्षण चोख होतं. मधला दुवा राखेत होता. नाही, राखेतही नव्हता. ज्या जमिनीवर ती राख सांडली होती आणि परत चिमटीने उचलली होती, तिथे होता.

तो दुवा सापडला कसा, ते बघायला १८८४ आणि १८८९ ला उभ्याउभ्या जाऊन यावं. ग्योटिंगेनमध्ये आर्थर निकोलायर नावाचा तरुण बागेतली साधी माती जनावरांच्या कातडीखाली घालतो आणि जनावरं धनुर्वाताने मरतात. जंतू त्याला दिसतो, पण निवडून काढता येत नाही, सोबत दहा प्रकारची गर्दी. पाच वर्षांनी बर्लिनमध्ये कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिबासाबुरो कितासातो युक्ती करतो. जखमेतल्या पुवाचं मिश्रण तो ८० अंशांवर पाऊण-एक तास तापवतो. बाकीची गर्दी मरते. जो उरतो तो आपला. मग त्याला हायड्रोजनमध्ये वाढवतो, कारण हवा नको. म्हणजे ज्या चिवटपणामुळे तो माणसांना चकवत आला, त्याच चिवटपणाने त्याला पकडून दिलं. सुईणीचं गरम पाणी म्हणजे कितासातोच्या प्रयोगाची पहिली पायरीच होती. तिच्या विळ्यावरचे साधे जंतू मेले, आणि हा तिथे असता तर राहिलाच असता.

हा चिवटपणा पुढे कुणाला भोवला ते बघायला आता तुम्हाला खाडी ओलांडायची आहे. पूल नाही, म्हणून मचवा. वारा पडलेला, वल्ह्यांचा आवाज, आणि शिवडीच्या चिखलात उतरता तेव्हा १९०२ चा उन्हाळा संपून पाऊस लागलाय. लंगडत परळपर्यंत चालायचं. मुंबईत सहा वर्षं प्लेग चालू आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला, तेव्हापासून दर हिवाळ्यात तो परत येतोय.

परळला गव्हर्नरांचा जुना बंगला आहे. जिथे मेजवान्या झडायच्या त्या दालनांत आता काचेचे चंबू आहेत, रांगाच्या रांगा. १८९९ पासून ही प्लेग संशोधन प्रयोगशाळा. प्रमुख वाल्डेमार हाफकिन, ओडेसात जन्मलेले, पॅरिसला पाश्चर संस्थेत तयार झालेले, अविवाहित, कामाशिवाय फारसं न बोलणारे. याच माणसाने १० जानेवारी १८९७ ला पहिली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. तुम्ही एका चंबूपाशी वाकता. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगताहेत आणि प्रत्येक थेंबाखालून पांढऱ्या दोऱ्या लोंबताहेत, गुहेतल्या चुनखडीच्या झुंबरासारख्या. तेच प्लेगचे जंतू. तूप! तुम्हाला हसू येतं. इतक्या भयंकर खोलीत इतका घरगुती पदार्थ.

जुनी रीत अशी होती की चार-सहा आठवडे जंतू वाढू द्यायचे, मग उष्णता देऊन मारायचे, वर अर्धा टक्का कार्बॉलिक आम्ल घालायचं आणि बाटल्या भरायच्या. पण पंजाबात प्लेग उसळलाय आणि तिथल्या सरकारने लाखांच्या हिशेबाने डोस मागितलेत. चंबूंना घाई कळत नाही. म्हणून रीत बदलली. जंतू रश्श्याऐवजी आगरवर वाढवायचे, खरवडून पाण्यात कालवायचे, तापवायचे. कार्बॉलिक वगळायचं. (तुम्ही आगरी मुलुखातून आलात, तर गोंधळू नका. तुमच्याकडचं आगर मिठाचं, हे समुद्री शेवाळाच्या गोठलेल्या पाण्याचं.) पाश्चर संस्थेतही असंच करतात, ते सुरक्षित आहे, असं हाफकिन यांचं म्हणणं.

बाटल्यांवर क्रमांक पडतात. तुम्ही वाचत जाता. ५३-एन तुमच्या हातात येते. हलवून बघता, उजेडात धरता. गढूळ द्रव, जसा असावा तसा. तुम्हाला पुढचं माहीत आहे, म्हणून तिच्याकडे बघवत नाही. पण बघून काही कळतही नाही, आणि हीच त्या सगळ्या प्रकरणाची खुबी.

३० ऑक्टोबर १९०२, मलकोवाल. गुजरात जिल्हा, म्हणजे पंजाबातलं गुजरात, आज पाकिस्तानात. चढत्या थंडीची सकाळ. झाडाखाली टेबल, गावकरी रांगेत. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचायची आहे, पाच बाटल्यांतून. धुळीवरून गुरं गेली असावीत, खुरांचे ठसे आहेत. पाय ठणकतोय म्हणून तुम्ही खाली बसता, आणि खाली बसल्यामुळे तुम्हाला दिसतं ते टेबलामागे उभ्या असलेल्यांना दिसत नाही.

मदतनीस चिमटा उचलतो आणि तो त्याच्या हातातून निसटतो. मातीत पडतो. तो उचलतो, कार्बॉलिकच्या भांड्यात खळबळवतो, काही सेकंद. मग त्याच चिमट्याने ५३-एन चं बूच काढतो.

त्याचं चुकलं का? साध्या जंतूंच्या दृष्टीने त्याने जे केलं ते ठीकच होतं. कार्बॉलिक त्यांचा कर्दनकाळ. पण कितासातोने तेही मोजून ठेवलं होतं. पाच टक्के कार्बॉलिकमध्ये हे बीजाणू दहा तास काढतात. पंधरा तासांनी मरतात. काही सेकंद म्हणजे त्यांच्यासाठी पावसाचा एक शिंतोडा. चिमटा ज्योतीत लाल केला असता तर गोष्ट वेगळी.

१९ जणांना त्या बाटलीतून लस मिळते. तुम्ही मोजता. उरलेल्या ८८ जणांना इतर चार बाटल्यांतून. संध्याकाळी सगळे चालत घरी जातात.

आठवडाभर काही नाही. शरीरात काय चाललंय ते आता तुम्हाला बाहेरूनही कळतं, कारण तुमच्या तळव्यातही तीच खोली आहे, तोच अंधार. बीजाणू काही मोजत बसलेला नसतो. कवचातून आत येणाऱ्या रसायनांच्या खुणा तेवढ्या त्याला कळतात, इथे खाणं आहे, हवा नाही. खूण पटली की कॅल्शियम आणि ते आम्ल भसकन बाहेर पडतं, पाणी आत शिरतं, वाळवण फुगतं. तेलात टाकलेली कुरडई आठवा. काही तासांत तो पुन्हा नाजूक, जागा, खादाड जंतू होतो, आणि त्याच्यापासून जे विष झिरपतं ते मज्जातंतूंच्या टोकाशी पकडून वर चढतं, उलट दिशेने, पाठीच्या कण्यापर्यंत. तिथे स्नायूंना 'बस आता' सांगणारे जे संदेश असतात तेवढेच ते बंद पाडतं. आवळा हा हुकूम चालू राहतो, सोडा हा हुकूम पोचत नाही. म्हणून आधी जबडा, कारण तिथले तंतू आखूड. मग मान, पाठ. किती विष लागतं? शरीराच्या किलोमागे साधारण अडीच नॅनोग्रॅम, ग्रॅमचे अब्ज भाग केले तर त्यातले अडीच. इतकं कमी की शरीराला त्याची ओळखही पटत नाही, म्हणून धनुर्वातातून वाचलेल्याला पुढच्या वेळेसाठी प्रतिकारशक्ती मिळत नाही. या सगळ्यात जंतूचा तुमच्यावर काही राग नसतो. त्याच्या लेखी तुम्ही एक कोंदट, उबदार शेणाचा ढीग.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते १९ जण आजारी पडतात. सगळे जातात. बाकीच्या ८८ मधलं कुणीही नाही.

चौकशी बसते. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष. निष्कर्ष असा की बाटली परळलाच बिघडली, आणि कार्बॉलिक वगळलं हे कारण. हाफकिन यांना कामावरून दूर करतात, ते देश सोडतात. तुम्ही तिथे खाली बसला होतात, तुम्ही हिशेब करा. बाटली आठवड्यामागून आठवडे आधीच बिघडली असती तर आत विष साचलं असतं, बूच काढताच घाण वास आला असता, आणि माणसं आठवड्याने नव्हे, आधीच पडली असती. वास आला नव्हता. आणि अर्धा टक्का कार्बॉलिक घातलं असतं तरी त्याने बीजाणू मेले नसते. हेच मुद्दे पुढे रोनाल्ड रॉस यांनी उचलले, मलेरिया आणि डास यांचं नातं शोधणारे तेच. २९ जुलै १९०७ च्या 'टाइम्स' मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं. सरकारने हाफकिन यांना परत बोलावलं, पण परळला नाही, कलकत्त्याला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. माझ्या मते या प्रकरणात अन्याय एकट्या हाफकिन यांच्यावर झाला नाही. चिमटा पाडणाऱ्या त्या मदतनिसाचीही एक बाजू आहे, आणि ती मांडायला कुणी दहा जण सही करायला आले नाहीत. त्याने स्वच्छता पाळली होती. त्याला जी शिकवली होती ती.

"तुमचा नंबर."

सिस्टर. बाक. खिडकीत पूल जागच्या जागी, त्यावर गाड्या.

तुम्ही बाही वर करता. ती दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते, आणि तुम्हाला आता हेही माहीत आहे की स्पिरिटनेही बीजाणू मरत नाहीत. दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर पंधरा मिनिटं, तेव्हा कुठे. सुई मात्र निर्जंतुक करूनच पाकिटात बंद झालेली आहे.

"टीटी ना?" तुम्ही विचारता.

"टीडी. आता टीटी येत नाही, यात घटसर्पाचंही असतं. हलू नका."

सुई जाते. आत काय जातं ते विचित्र आहे. तेच विष, फॉर्मॅलिनने दात पाडलेलं. शरीराला त्याचा चेहरा दाखवायचा, म्हणजे खरं विष आलं तर वाटेतच धरता यावं. बीजाणूला याने काही होत नाही, तुमच्या पायातल्यालाही नाही आणि उलव्याच्या मातीतल्यालाही नाही. देवीचा रोग माणसातून माणसात जायचा, म्हणून माणसं टोचत टोचत त्याला कोंडीत पकडता आलं. हा माणसावर अवलंबून नाही. शेजारच्या सगळ्या बिल्डिंगने टोचून घेतलं तरी तुमच्या दंडाचा उपयोग तुमच्याच पायाला. अपवाद एकच, आईचा. गरोदरपणात तिला टोचलं की तिचं संरक्षण बाळाला मिळतं. १९८८ मध्ये जगभरात ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने गेल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. लस आयांपर्यंत पोचली, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, सुईणींना नवं पातं आणि स्वच्छ दोरा मिळाला, आणि नाळेवर काही न लावणं हेच औषध ठरलं. २०१५ मध्ये भारत नवजात धनुर्वाताचं निर्मूलन न झालेल्या देशांच्या यादीतून बाहेर पडला. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी. शून्य म्हणायची सोय नाही, माती आहे तोवर.

"डॉक्टर एकदा जखम बघतील. लागलं तर दुसरं इंजेक्शन द्यायचं, तयार अँटीबॉडीचं. आणि हे," ती कार्डावर तारीख लिहिते, "महिन्याने परत या. विसरू नका. सगळे विसरतात."

"जबडा जड वाटला तर?"

"तर लगेच या. महिना बघू नका."

डॉक्टर बघतात, पट्टी होते. तुम्ही बाहेर पायरीवर येता आणि चप्पल हातात घेता. तळाच्या भोकात माती अजून घट्ट बसलेली आहे. काडीने टोकरता, मग चप्पल पायरीच्या कडेवर दोनदा आपटता. वाटाण्याएवढं ढेकूळ सुटतं आणि बाजूच्या कुंडीत पडतं. कुंडीत कुणीतरी तुळस लावली आहे, नुकतंच शेणखत घातलेलं.